सातवं पातं

१९८४ साल. मी बेचाळीस वर्षांचा होतो, आणि ब्लोअरची, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या पंख्यांची, चाकं माझ्याइतकी सरळ नाशकात कुणी करत नाही असं चारचौघांत म्हणायचो. आजही म्हणेन. फक्त त्या वर्षाचं एक चाक सोडून.

अंबडला तेव्हा आमचं लहान वर्कशॉप होतं. आमचं म्हणजे मालकाचं, पण मी सुरुवातीपासूनचा. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही नांदगावकडच्या खेड्यात, जिथं मास्तर आठवड्यातून तीन दिवस उगवायचे. बाकीचं सगळं हातानं शिकलो. पत्रा कापणं, पाती वाकवणं, वेल्डिंग, आणि सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड, तोल.

तोल बघायची आमची रीत सांगतो. दोन पोलादी पट्ट्या, आरशासारख्या घासलेल्या, पाणसळीत मांडायच्या. चाकात शाफ्ट घालून ते पट्ट्यांवर ठेवायचं आणि हात सोडायचा. जड बाजू आपोआप खाली येते. मग तिच्या बरोबर समोर लोखंडाची चिप, छोटासा तुकडा, लावायची आणि परत हात सोडायचा. असं करत करत एक वेळ येते की चाक कुठंही थांबवा, तिथंच राहतं. निजलेल्या लेकरासारखं. मी अठरा वर्षं हे केलं, तरी चाक असं थांबलं की दरवेळी मला छाती भरून आल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात मालकानं एका मुलीला आत आणलं. पंचवीस-सव्वीसची असेल, खांद्याला शबनम, हातात कागदाची लांब नळी. गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजात शिकवायची आणि डॉक्टरकीसाठी संशोधन करायची. औषधाची डॉक्टरकी नव्हे, दुसरी.

"काका, मला बारा पात्यांचं चाक पाहिजे," ती म्हणाली. "आणि बाराही पाती सारखी."

"सारखीच असतात."

"तशी नाही. थांबा, दाखवते." टेबलावर एक जुनं चाक पडलं होतं. तिनं डोळे मिटले. "आता तुम्ही हे एका पात्याएवढं फिरवा. किंवा फिरवू नका. मी डोळे उघडल्यावर मला ओळखता आलं नाही पाहिजे, फिरवलं की नाही ते. मग ते सारखं."

ती डोळे मिटून उभी. आमची सगळी पोरं काम टाकून बघायला लागली.

"बाई, डोळे उघडा," मी म्हणालो. "इथं डोळे मिटून काम करत नसतात. बोटं जातात."

पोरं हसली. तीही हसली. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही, कारण ती खरंच हसली होती.

मग खाली बसून तिनं खडूनं फरशीवर चाक काढलं आणि त्याची एक फोड आखली, कलिंगडाची आखतात तशी. म्हणाली, वेगानं फिरताना पाती थरथरतात, कधी तुटतात. कुठल्या वेगाला तुटतील हे आधी गणितानं काढायचं, हेच तिचं संशोधन. आख्ख्या चाकाचं गणित मांडायला गेलं तर जन्म जाईल. पण बाराही फोडी सारख्या असतील तर एकीचं मांडलं की पुरे. बाकी अकरा आपोआप आल्या.

"म्हणजे फुकट," मी म्हणालो.

"फुकट. गणितात जिथं जिथं सारखेपणा सापडतो, तिथं काम असं वाचतं. मोठमोठे लोक आधी तेच शोधतात."

पण मनात आलं की ह्या अकरा फोडी फुकट नाहीत. कुणीतरी भट्टीसारख्या शेडमध्ये उभं राहून त्या सारख्या करतो, म्हणून हिला फुकट मिळतात. तो कुणीतरी म्हणजे मी. हा विचार मला फार आवडला. पुढं जे झालं त्याचं मूळ ह्या आवडण्यातच आहे.

जाताना ती दारात थांबली. "काका, चाक झालं की पुण्याला पाठवूया का? तिथं तोल बघायचं मशीन आहे. चाक फिरवून बघतात. कधीकधी थांबलेल्या चाकात कळत नाही ते—"

"मी अठरा वर्षं तोल बघतोय."

"ते खरंच आहे. पण शंका नको म्हणून."

"शंका असेल तर चाकच पुण्याला करून घ्या."

मालक खाली बघत बसला. तिनं शबनमचा पट्टा दोनदा नीट केला आणि म्हणाली, "राहू दे, काका. तुम्ही म्हणाल तसं." मी जिंकलो.

चाक मोठं होतं. अडीच हात व्यास, दोन चकत्या, मधे दीड वीत रुंदीची बारा पाती. सगळी पाती मी एकाच पत्र्यातून कापली, कारण दोन पत्रे म्हणजे दोन जाड्या. सहा पाती वेल्डिंगनं लागली. सातवं लावताना वीज डुचमळली. शेडमधले दिवे मंद झाले आणि एकदम भक्कन वाढले, आणि माझा हात जिथं होता तिथंच राहिला. पुढच्या चकतीजवळ पात्याच्या कडेला रुपयाएवढं भोक पडलं.

पातं बदलायला पाहिजे होतं. पण पत्रा संपला होता. तसाच पत्रा आणायचा तर आठवडा, आणि मालकाला सांगावं लागलं असतं की मी पातं जाळलं. मी भोकावर जाडसर ठिगळ मारलं, ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केलं. चाक पट्ट्यांवर ठेवलं तसं सातवं पातं खाली आलं. येणारच होतं. समोर वजन लावायचं, पण पुढच्या चकतीला हवेचं तोंड असतं, तिथं लावलेली चिप कुणालाही दिसते. मला ती दिसायला नको होती. म्हणून सातव्या पात्याच्या समोरच्या बाजूलाच, पण मागच्या चकतीच्या आतून, खोल लावली. वरून करडा रंग मारला.

चाक थांबलं. कुठंही ठेवा, थांबलं.

जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कुणी नसताना मी तिचा खेळ खेळून बघितला. डोळे मिटले, चाकाला हलका हात मारला, थांबू दिलं, उघडले. सातवं पातं कुठलं ते मला ओळखता आलं नाही. ठिगळ मीच मारलेलं, तरी नाही. मग माझी पक्की खात्री झाली.

चाक टेम्पोनं कॉलेजात गेलं, आणि दोन दिवसांनी, दुपारी, मी ते बसवायला गेलो. मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती. काँक्रीटच्या चौथऱ्यावर मोटर, तिला पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माझं चाक. भोवती जाड कवच हवं ते तिनं बसवलं नव्हतं, पाती दिसावीत म्हणून. एका पात्यावर तिनं टिकल्यांसारख्या बारीक पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यातून पात्याची थरथर मोजतात.

"एकाच पात्याला?" मी विचारलं.

"एकच पुरे की. बाकी अकरा सारखीच आहेत. तुम्ही केलीत ना."

मग तिनं मला तिचा दिवा दाखवला. तो लुकलुकतो. चाक फिरताना त्याचा उजेड बरोबर वेगानं मारला की फिरणारं चाक थांबल्यासारखं दिसतं. एकेक पातं निवांत बघता येतं. हातही लावावासा वाटेल, असं ती म्हणाली. उद्या सकाळी नऊला, पहिल्यांदाच, पूर्ण वेगानं. मिनिटाला तीन हजार फेरे.

चाकाच्या बाजूला, जेमतेम दोन हातांवर, एक बुटकं स्टूल होतं.

"इथं कोण बसतं?"

"मी."

"लांब बसा."

"लांबून पाती नीट दिसत नाहीत. आणि काका, चाक तुमच्या हातचं आहे."

मी मान हलवली. पण ते स्टूल मला बरं वाटलं नाही. मी ७३ साली दुसऱ्या एका शेडमध्ये होतो. तिथं एक चाक फिरता फिरता सुटलं होतं. मी बाहेर होतो, आवाज ऐकून आत धावलो. माझा जोडीदार चाकाच्या बाजूला उभा होता, त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. चाकाचा तुकडा छपराच्या पत्र्यातून आरपार गेला होता आणि तिथं वीतभर लांब चीर पडली होती, सरळ, सुरीनं कापल्यासारखी. पुढं तीन महिने मालकानं पत्रा बदलला नाही. सकाळी त्या चिरेतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडायची आणि दिवसभर सरकत राहायची. आम्ही तिच्यावर पाय न देता काम करायचो. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

ते चाक माझ्या हातचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि सायकल काढली.

बायकोच्या भावाचं शेत गंगापूर रोडवरून आत होतं. झेंडू लावायचा. त्या कडेला गेलो की बायको मला फुलं आणायला सांगायची, बाजारात ती बसायची. मेव्हण्यानं दोन गोणपाटाची गाठोडी बांधून ठेवलीच होती.

"दाजी, दोन्ही सारखी हायेत बरं. काट्यावर जोखून बांधली. तुमी तोलवाले, उगा नाव नको ठेवायला."

"बांध नीट."

त्यानं एक गाठोडं पुढं, हँडलच्या डाव्या मुठीला अडकवलं. दुसरं मागं, कॅरियरच्या उजव्या अंगाला. सायकल उभी केली तर सरळ उभी. कुणीकडेच झुकेना.

"बगा," तो म्हणाला. "हाय का नाय तोल? आमाला बी येतं थोडं."

रस्त्याला लागलो तोवर ठीक होतं. मग उतार आला. सायकलनं वेग घेतला आणि हँडल थरथरायला लागलं. आधी थोडं, मग जोरात, मग माझ्या हातात राहीना. पुढचं चाक एकीकडे ओढायचं, मागचं दुसरीकडे. मी पाय टेकवत टेकवत कसाबसा थांबलो आणि गुडघ्यावर पडलो. झेंडू रस्त्यावर पसरला.

मी फुलं गोळा करत होतो. दोन्ही गाठोडी सारखी. एक डावीकडे, एक उजवीकडे. उभ्या सायकलला काहीच कळत नव्हतं. पण एक पुढं होतं आणि एक मागं.

एक पुढं आणि एक मागं.

हातातली फुलं तशीच राहिली. सातव्या पात्याचं ठिगळ पुढच्या चकतीला होतं. माझी चिप मागच्या.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला दोन्ही गाठोडी मागं बांधली, कॅरियरच्या दोन अंगांना. सायकल ढकलत चढावर नेली आणि परत उतरवली. हँडल शांत. पुन्हा एक पुढं लावलं, उतरवली. थरथर. पुन्हा मागं, शांत. रस्त्यानं जाणारा एक भाजीवाला थांबून बघायला लागला. मला वाटलं, चौथ्यांदा तरी वेगळं होईल. झालं नाही. आमच्या पट्ट्यांवर चाक कधी फिरतच नाही, ते नुसतं थांबतं. अठरा वर्षं मी फक्त थांबलेली चाकं बघितली होती. आजवरची चाकं अरुंद होती, सावकाश फिरणारी. निभावून गेली. हे रुंद होतं, आणि तीन हजार फेरे. पुण्याला फिरवून बघतात, असं ती म्हणत होती. वाक्य मी तिला पुरं करू दिलं नव्हतं.

घरी गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

"कुठं पडलात?" बायकोनं विचारलं.

"पडलो नाही."

"मग गुडघा कुणाचा फुटलाय?" तिनं पाणी आणलं, हळद आणली. "फुलांचा पार चिखल केलाय. काय झालं?"

"काही नाही. उद्या एक चाक फिरणार आहे."

"फिरू द्या की. चाक आहे ते."

मी ताटावर बसलो. भाकरी मोडली, पण तोंडापर्यंत गेली नाही. तिनं दोनदा बघितलं. मग मी सांगितलं की त्या चाकाजवळ एक पोरगी बसणार आहे.

"केवढी आहे?"

"पंचवीस-सव्वीस."

"तिला सांगून आलात?"

"काय सांगून?"

"जे मला सांगत नाही आहात ते."

मी उठलो. बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. आता खरं लिहितो. मला त्याच वेळी जाता आलं असतं. ती कॉलेजाच्या आवारातच राहायची, वसतिगृहाच्या मागच्या खोल्यांत, दुपारी तिनंच बोट करून दाखवलं होतं. सायकलवर पाऊण तास. मी गेलो नाही. मी हिशोब करत बसलो की ठिगळ केवढंसं, बेअरिंग दणकट आहे, चौथरा काँक्रीटचा आहे, ती पहिल्यांदा हळूच फिरवेल, थरथर दिसली की बंद करेल. मग आठवलं की तो दिवा लावल्यावर चाक तिला थांबल्यासारखं दिसणार. निजलेल्या लेकरासारखं. आणि ती वाकून अजून जवळ जाणार.

मालक काय म्हणेल, पोरं काय म्हणतील, तेही डोळ्यासमोर येत होतं. पुण्याला करून घ्या, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. भीती एका बाजूला आणि लाज दुसऱ्या, आणि मी पट्ट्यांवरच्या चाकासारखा जिथल्या तिथं. आतून दाराच्या फटीतून कंदिलाच्या उजेडाची पट्टी ओट्यावर पडली होती. मी पाय आखडून घेतले, तिच्यावर पडू नयेत म्हणून. हे केल्यावर मला कळलं की मी काय केलं.

बायको दारात आली. "जाणार आहात ना सकाळी?"

"बघू."

"बघू नाही. भाकरी बांधून ठेवते."

सकाळी सहाला निघालो. खिशात नट खोलायचे पाने, लोखंड कापायच्या हॅकसॉचं एक पातं, आणि बायकोनं बांधलेली भाकरी. गुडघा वाकत नव्हता. शहर ओलांडून गंगापूर रोडला लागलो तोवर फेटाळून टाकलेले सगळे विचार परत आले होते, की नऊला फिरवणार म्हणाली खरी, पण ही माणसं उत्साही असतात, राहवत नाही त्यांना.

कॉलेजाच्या फाटकाशी सायकल टेकवली आणि मोटरचा आवाज ऐकू आला.

शेडकडूनच येत होता. चढत चाललेला, एकसारखा. रखवालदार म्हणाला, "ओ मिस्त्री, सही करा." मी थांबलो नाही. फुटका गुडघा घेऊन मी कसा धावलो ते मला माहीत नाही. मला छपराचा पत्रा दिसत होता आणि मी त्यात चीर शोधत होतो. शेडच्या दाराशी आलो आणि ओरडायला तोंड उघडलं.

ती उभी होती. मोटर चालू होती, चाक थांबलेलं होतं. पट्टा काढून तिनं भिंतीवर टांगला होता. नुसती मोटर बघत होती, एकटीच फिरवून.

मला बघून तिनं मोटर बंद केली. "काका? एवढ्या सकाळी? बसा ना, घामाघूम झालाय."

बसायला तेच एक स्टूल होतं. मी बसलो नाही. दाराची चौकट धरून उभा राहिलो. हात खिशात घातले, तर आतले पाने वाजायला लागले.

"बाई," मी म्हणालो, "डोळे मिटा."

"काय?"

"तुम्हीच दाखवलं होतं. डोळे मिटा."

तिनं मिटले. मी चाकाला हात लावून फिरवलं, चार-पाच पात्यांएवढं, आणि थांबवलं. थांबलं. "उघडा. ओळखा बरं."

तिनं चाकाभोवती नीट बघितलं. "नाही ओळखता येत," ती म्हणाली, आणि तिला आनंद झाला होता. "खरंच नाही येत, काका."

मी हॅकसॉचं पातं काढलं आणि सातव्या पात्याचा रंग खरवडायला लागलो. करडा रंग गेला, खालचा लाल गेला, आणि ठिगळाची कड वर आली. मग पालथा होऊन मागच्या चकतीच्या आत हात घातला आणि चिपेवरचा रंग खरवडला. ते तिला वाकून बघावं लागलं. सगळं बघून झाल्यावर ती सरळ उभी राहिली. एकदा ठिगळाकडे बघितलं, एकदा चिपेकडे. पुढं आणि मागं. मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल, सायकलचं सांगावं लागेल. लागलं नाही. तिचा चेहरा पांढरा झाला आणि ती त्या बुटक्या स्टुलाकडे बघत राहिली.

"हे कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"काल. संध्याकाळी."

"काल संध्याकाळी."

"हो."

वाकून तिनं ते स्टूल उचललं आणि शेडच्या बाहेर, उन्हात नेऊन ठेवलं.

"पुण्याला पाठवा," मी म्हणालो. "आधी पातं बदलून देतो. मग पुण्याला."

मग मी मोठा पाना काढला, चौथऱ्यावर चढलो, आणि चाकाचा पहिला नट सैल केला.